मोरचुदाचा खडा फोटोत काळाच दिसतो, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बागेत बुरशीसाठी फवारायच्या बोर्डो मिश्रणातला थोडा मोरचूद (कॉपर सल्फेट) उरला होता, म्हणून सातवीतल्या लेकीसोबत स्फटिक करायला घेतले. गरम पाण्यात विरघळेल तेवढा घालून गाळला, थोडं द्रावण बशीत ठेवलं. दोन दिवसांत तळाशी बारीक खडे धरले. त्यातला नीट कडांचा एक तंगुसाला बांधून बरणीत सोडला. पहिल्यांदा घाई केली, द्रावण कोमटच होतं; तासाभरात खडा विरघळून नुसती गाठ उरली! दुसऱ्यांदा पूर्ण गार होऊ दिलं. 22 दिवसांत खडा बोराएवढा झालाय. तिरके पैलू, आरशासारखे. खिडकीशी धरला की इतका गर्द निळा दिसतो की लेक तो खाली ठेवायला तयार नसते.

पण मोबाईलवर फोटो काढला की काळा ठोकळा. फ्लॅश लावला तर एका पैलूवर पांढरा डाग. शिवाय बाहेर काढून आठवडा झाला, तर एका कडेला पांढुरकी भुकटी धरू लागली आहे. तो खराब होतोय का?

आणखी एक. लॅपटॉपच्या पांढऱ्या स्क्रीनसमोर पोलरायझिंग फिल्टर (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी काच) धरला की स्फटिकात इंद्रधनुषी रंग दिसतात म्हणे. तुरटीचा खडा धरून पाहिला, काहीच नाही. माझं काय चुकतंय?

प्रतिसाद :

ताई, तुमचं काही चुकलेलं नाही. तुरटीची रचना घनाकृती असते, प्रकाश तिच्यातून सगळ्या दिशांना सारखाच जातो, म्हणून ते रंग उमटत नाहीत. लिंबूसत्त्वाच्या द्रावणाचा थेंब काचेवर पातळ पसरून वाळवा. स्क्रीन काळी दिसेपर्यंत फिल्टर फिरवा आणि ती काच दोन्हींच्या मधे धरून बघा.

मोरचूद जाड झाला की बहुतेक प्रकाश शोषून घेतो. फ्लॅश बंद करा, मागे ट्रेसिंग पेपर आणि त्यामागे टॉर्च ठेवा. मोबाईलच्या स्क्रीनवर खडा दिसतो तिथे बोट टेकवून फोकस धरा, मग उजेड वाढवा. फोटोसाठी मुद्दाम एक चपटा, पातळ खडा वाढवलात तर उत्तम.

भुकटी म्हणजे स्फटिकातलं पाणी उडतंय. भुकटी हलकेच पुसून रंगहीन नेलपॉलिशचे दोन हात द्या. मोरचूद विषारी आहे, लेकीला हातमोजे द्या. ती बरणी पुन्हा स्वयंपाकघरात नको.

धागाकर्ती :

ट्रेसिंग पेपर लावला आणि निळा आला! नेलपॉलिश वाळतंय. लिंबूसत्त्व उद्या आणते.