कर्नल अपडेटनंतर ब्लूटूथ ॲडॅप्टर दिसेनासा झाला, वाय-फाय मात्र व्यवस्थित चालू आहे

प्रश्न

माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आणि विंडोज या दोन्ही प्रणाली आहेत, परंतु रोजचे काम लिनक्सवरच चालते. अलीकडे इतर पॅकेजांबरोबर कर्नलही (प्रणालीचा गाभा) अपडेट झाला आणि त्यानंतर लॅपटॉप रिस्टार्ट केल्यापासून ब्लूटूथ पूर्णपणे नाहीसे झाले आहे. सेटिंग्जमध्ये ब्लूटूथचे पान उघडले की ॲडॅप्टर सापडला नाही एवढाच मजकूर दिसतो, आणि टर्मिनलमध्ये ब्लूटूथसीटीएल हे ब्लूटूथ हाताळण्याचे साधन उघडून 'शो' दिले तर 'नो डिफॉल्ट कंट्रोलर अव्हेलेबल' असे उत्तर येते. वाय-फाय मात्र पूर्वीसारखेच चालते. दोन्ही एकाच कार्डावर असल्यामुळे कार्ड बिघडले असे म्हणायला मन धजत नाही. शोधाशोध केली तर कुणी ड्रायव्हर पुन्हा इन्स्टॉल करायला सांगतो, कुणी सोर्स कोड उतरवून कंपाइल करायला सांगतो, तर कुणी एचसीआयकॉन्फिग चालवायला सांगतो. ती कमांड तर माझ्याकडे उपलब्धच नाही. सुरुवात नेमकी कुठून करावी?

उत्तर १

आधी एक विनंती: इंटरनेटवरून उतरवलेला ड्रायव्हर कंपाइल करण्याच्या फंदात सध्या पडू नका. लॅपटॉपमधील बहुतेक ब्लूटूथ चिप बीटीयूएसबी या मॉड्यूलवर, म्हणजे ड्रायव्हरच्या तुकड्यावर, चालतात आणि ते कर्नलमध्येच येते. इंटेल, रिअलटेक, ब्रॉडकॉम, मीडियाटेक यांच्या चिपसाठी त्याच्या मदतीला बीटीइंटेल, बीटीआरटीएल, बीटीबीसीएम, बीटीएमटीके अशी छोटी मॉड्यूल असतात. बाहेरून आणलेले मॉड्यूल पुढच्या कर्नल अपडेटबरोबर पुन्हा बांधावे लागते, आणि सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसल्यामुळे ते लोडच होत नाही. एचसीआयकॉन्फिग आणि एचसीआयटूल ही साधने ब्लूझेडच्या (लिनक्सवरील ब्लूटूथ सॉफ्टवेअरच्या) विकासकांनी २०१७ मध्येच कालबाह्य ठरवली, त्यामुळे ती नसणे हा तुमच्या प्रणालीतला दोष नाही. ज्या मार्गदर्शिका ती चालवायला सांगतात त्या जुन्या आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

वाय-फाय चालते म्हणजे कार्ड ठीक आहे, हा निष्कर्ष मात्र तितकासा पक्का नाही. एम डॉट टू प्रकारच्या कार्डावर वाय-फायचा भाग बहुधा पीसीआय एक्सप्रेसवर जोडलेला असतो आणि ब्लूटूथचा भाग त्याच खाचेतून जाणाऱ्या यूएसबीच्या तारांवर असतो. कार्ड एक असले तरी प्रणालीच्या दृष्टीने ती दोन स्वतंत्र उपकरणे आहेत, आणि त्यांपैकी एक मान टाकत असताना दुसरे खुशाल चालू राहू शकते.

म्हणून पहिली कमांड एलएसयूएसबी, जी यूएसबीवर जोडलेल्या उपकरणांची यादी देते. त्या यादीत तुमच्या चिपची ओळ दिसते का, ते पाहा. इंटेलच्या ब्लूटूथचा विक्रेता क्रमांक ८०८७ असतो. यादीत ती ओळच नसेल तर ड्रायव्हरपर्यंत जाण्यात अर्थ नाही, कारण ड्रायव्हरला पकडायला उपकरणच मिळालेले नाही. ओळ असेल तर डीमेसेजच्या, म्हणजे कर्नलच्या, नोंदींमधून 'ब्लूटूथ' हा शब्द असलेल्या ओळी ग्रेपने निवडून घ्या आणि शेवटचा त्रुटी क्रमांक वाचा. उणे २ असेल तर हवी ती फाइल मिळाली नाही असा अर्थ होतो, म्हणजे लिब फोल्डरातल्या फर्मवेअर या उपफोल्डरात चिपची फर्मवेअर फाइल (चिपच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) नाही. अशा वेळी लिनक्स-फर्मवेअर पॅकेज, किंवा डेबियनवर असाल तर नॉन-फ्री-फर्मवेअर विभागातील संबंधित पॅकेज, बसवले की काम होते. उणे ११० असेल तर फाइल आहे, ड्रायव्हरही आहे, पण चिपने ठरलेल्या वेळेत उत्तर दिलेले नाही. या दोन क्रमांकांचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत आणि बहुतेक सल्ले त्यांची सरमिसळ करतात.

याखेरीज आरएफकिल लिस्ट चालवून ब्लूटूथ सॉफ्टवेअरने (सॉफ्ट-ब्लॉक) वा बटणाने (हार्ड-ब्लॉक) बंद झालेले नाही ना, ते पाहून घ्या. आणि बूट होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूतून मागचा कर्नल निवडून तेथेही हीच अवस्था आहे का, ते अवश्य कळवा.

प्रश्नकर्ता

सविस्तर उत्तरासाठी आभार. एलएसयूएसबीच्या यादीत चिपची ओळ आहे. आरएफकिलमध्ये दोन्ही प्रकारच्या ब्लॉकसमोर 'नो' आहे आणि ब्लूटूथची सर्व्हिस सिस्टमसीटीएलच्या म्हणण्यानुसार चालू आहे. डीमेसेजमध्ये 'एचसीआय०' (ब्लूटूथ ॲडॅप्टरचे कर्नलमधील नाव) च्या नावाने 'टीएक्स टाइमआउट' अशी नोंद आहे आणि तिच्यालगत उणे ११० हा क्रमांक आहे. मागच्या कर्नलवर बूट केले तरी अक्षरशः याच ओळी येतात, याचे मला विशेष आश्चर्य वाटले, कारण त्याच कर्नलवर आतापर्यंत सगळे सुरळीत चालत होते.

उत्तर २

तुमच्या उत्तरातील शेवटचे वाक्यच सर्वांत महत्त्वाचे आहे. जुन्या कर्नलवरही तेच होत असेल तर दोष नव्या कर्नलच्या ड्रायव्हरकडे असण्याची शक्यता फारच कमी उरते. लॅपटॉप रिस्टार्ट केला तरी कार्डाचा वीजपुरवठा सहसा तुटत नाही, त्यामुळे फर्मवेअर चढवताना चिप मध्येच अडकली तर ती त्याच अडकलेल्या अवस्थेत पुढच्या बूटला सामोरी जाते. कर्नल कोणताही असो, त्याने विचारलेल्या प्रश्नाला ती उत्तर देत नाही.

उपाय म्हणजे तिची वीज खरोखर तोडणे. लिनक्समधून लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर आणि यूएसबीला जोडलेले सर्व काही काढा, पॉवरचे बटण सुमारे ३० सेकंद दाबून धरा, नंतर थोडे थांबून चालू करा. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये आतील बॅटरी तात्पुरती तोडण्याचा पर्याय असतो. तो असेल तर अधिक खात्रीचा. विंडोजमधून 'शट डाउन' करून मात्र हे साधेलच असे नाही, कारण तेथे फास्ट स्टार्टअप चालू असेल तर 'शट डाउन' म्हणजे अर्धवट हायबरनेशन असते. ज्यांच्याकडे दोन्ही प्रणाली आहेत त्यांनी तो पर्याय बंदच ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्नकर्ता

बटण दाबून धरण्याच्या उपायावर माझा फारसा विश्वास नव्हता, पण ॲडॅप्टर परत आला आणि माउस व हेडफोन दोन्ही जोडले गेले. आता एकच अडचण राहिली आहे. झाकण मिटून लॅपटॉप झोपवला आणि नंतर उघडला की काही वेळा ब्लूटूथ पुन्हा गायब होते आणि डीमेसेजमध्ये तोच टाइमआउट दिसतो.

उत्तर १

यूएसबीचे ऑटोसस्पेंड बंद करून पाहा. ईटीसी फोल्डरातील मोडप्रोब डॉट डी या उपफोल्डरात एक फाइल तयार करून तीत बीटीयूएसबीसाठी 'एनेबल_ऑटोसस्पेंड' हा पर्याय शून्य करणारी ओळ लिहा आणि पुन्हा बूट करा. तुम्ही टीएलपी हे वीजबचतीचे साधन वापरत असाल तर त्याच्या सेटिंगमध्येही ब्लूटूथ उपकरणाला यूएसबीच्या वीजबचतीतून वगळण्याची सोय आहे.

उत्तर २

वरील सूचनेशी मी अंशतः असहमत आहे. उपकरण काही काळ रिकामे बसले की कर्नल त्याला झोपवतो, ते ऑटोसस्पेंड; झाकण मिटल्यावर संपूर्ण प्रणाली झोपते, तो मार्ग वेगळा. हा पर्याय शून्य केल्याने पहिली गोष्ट थांबते, दुसरी थांबत नाही, आणि बॅटरीवर थोडा भार मात्र कायमचा पडतो. काम करता करता माउस तुटत असता तर मी स्वतः हीच ओळ लिहायला सांगितली असती.

तुमच्या बाबतीत आधी हे तपासा: लॅपटॉप उघडल्यावर ब्लूटूथ गायब असेल तेव्हा मोडप्रोबने बीटीयूएसबी काढा, म्हणजे नावाच्या आधी उणे आर द्या, आणि लगेच ते पुन्हा घाला. एवढ्याने ॲडॅप्टर परतला, तर झोपण्यापूर्वी मॉड्यूल काढून उठल्यावर घालणारी छोटी स्क्रिप्ट सिस्टमडीच्या (लिनक्सच्या सर्व्हिस सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) सिस्टम-स्लीप फोल्डरात ठेवा. तिला सिस्टमडी पहिला शब्द झोपण्यापूर्वी 'प्री' आणि उठल्यावर 'पोस्ट' असा देते, म्हणून दोनच फांद्या पुरतात. फाइलला एक्झिक्युट करण्याची परवानगी द्यायला विसरू नका, नाहीतर ती निमूटपणे दुर्लक्षिली जाते. बायोसचा नवा अपडेट आला असेल तर तोही घ्या, कारण झोपताना कार्डाच्या विजेचे काय करायचे हे पुष्कळदा बायोसच ठरवतो.

प्रश्नकर्ता

मॉड्यूल काढून घातल्यावर ॲडॅप्टर परत येतो, त्यामुळे स्क्रिप्ट ठेवली आणि झाकण उघडल्यावर आता ब्लूटूथ जागेवर असते. ऑटोसस्पेंडला हात लावलेला नाही. एक उपप्रश्न विचारतो: विंडोजमध्ये माउस पेअर केला की लिनक्समध्ये तो जोडला जात नाही आणि उलटही तसेच होते. याचा या बिघाडाशी संबंध आहे का?

उत्तर १

नाही, तो वेगळा विषय आहे. दोन्ही प्रणाली एकाच ॲडॅप्टरचा एकच पत्ता वापरतात, पण प्रत्येक पेअरिंगमध्ये नवी किल्ली तयार होते आणि माउस त्या पत्त्यासाठी शेवटचीच किल्ली लक्षात ठेवतो. आधी लिनक्समध्ये पेअर करा, मग विंडोजमध्ये, आणि विंडोजच्या रजिस्ट्रीतील किल्ली लिनक्सच्या बाजूला आणा. येथे ती व्हार फोल्डरातील लिब, त्यातील ब्लूटूथ, त्याखाली ॲडॅप्टरच्या आणि मग उपकरणाच्या पत्त्याच्या नावाने असलेल्या फोल्डरात 'इन्फो' नावाच्या फाइलमध्ये असते. माउस ब्लूटूथच्या लो एनर्जी (कमी विजेच्या) प्रकारचा असेल तर एका किल्लीने भागत नाही, तिच्याबरोबरची ईडीआयव्ही आणि रँड ही मूल्येही जुळवावी लागतात, आणि काही माउस प्रत्येक पेअरिंगला स्वतःचा पत्ताही बदलत असल्यामुळे फोल्डराचे नावही बदलावे लागते. बदल करण्यापूर्वी मूळ फाइलची प्रत काढून ठेवा आणि झाल्यावर ब्लूटूथची सर्व्हिस रिस्टार्ट करा.