शॉट लागला, शॉट झाला: आपली क्रियापदं

खटपट्या:
शॉक आणि शॉर्ट हे दोन वेगळे शब्द, पण बोलताना आपण दोन्हीचा 'शॉट' करून टाकला. तरी कुणाचा गोंधळ होत नाही कारण क्रियापद वेगळं आहे, माणसाला शॉट लागतो नाहीतर बसतो आणि वायरिंगमध्ये शॉट होतो. माझं दिवसभर जावा आणि एसक्यूएलचं प्रोग्रामिंग, रात्री टेबलावर ईएसपी३२ हा छोटा वायफायवाला मायक्रोकंट्रोलर बोर्ड आणि दोनचार सेन्सर. त्या बोर्डाची पिन ३.३ व्होल्टची, तिचा कुणाला शॉट लागणार नाही, पण जम्पर वायर भलत्या भोकात गेली की शॉट होतोच. असे आणखी शब्द सांगा, जिथे नाम उसनं आणि अर्थ आपल्या क्रियापदात.

बिनपगारी:
'उडणे' घ्या. फ्यूज उडतो, आयसी (चिप) उडतो, डेटा उडतो, लाईट मात्र जाते. आमच्या सॉफ्टवेअर टीममध्ये बिल्ड (कोडपासून तयार होणारा प्रोग्राम) फाटतो, ॲप लटकतं आणि सर्व्हर बसतो. आता 'बसला' म्हणजे रीस्टार्ट केला की उठेल अशी आशा असते, 'गेला' म्हटलं की मुकाट्याने बॅकअप शोधायला घ्यायचा. फुटणे पण आहे, पण इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उलटा लावला तर तो खरोखरच फुटतो, तिथे अलंकार वगैरे काही नाही.

खटपट्या:
आणि 'मारणे' राहिलं की! गीझर करंट मारतो, आपण डेटाबेसवर क्वेरी मारतो, कमांड मारतो, दुरुस्तीवाला म्हणतो "ड्राय झालंय, जरा सोल्डर मारून देतो", म्हणजे सुटलेला जोड धातू वितळवून पुन्हा पक्का करून देतो.

जुनं_पितळ:
सोल्डर मारण्याला चांगला 'झाळणे' शब्द आहे, तो का टाकला? आणि जोडायला जो धातू वापरतात तो डाक.

बिनपगारी:
डाक म्हटलं की माझ्यासमोर पोस्टमनच उभा राहतो. झाळणे चालेल, पण दुकानात "झाळायची तार द्या" म्हटलं तर तो कुंपणाची तार दाखवेल.

जुनं_पितळ:
बरं, दुकानात सोल्डर वायर म्हणा. पण बिटच्या, म्हणजे सोल्डरिंग आयर्नच्या टोकाच्या, टिनिंगला तरी कल्हई म्हणा, कारण ती खरंच कल्हई आहे. कल्हईवाला काय करतो, भांडं तापवतो, नवसागर टाकतो, कथील फिरवतो आणि कापसाच्या बोळ्याने पसरवतो. बिट काळी पडली की आपणही तेच करतो, तापवायची, फ्लक्स (मळ काढणारा मसाला) लावायचा, वर सोल्डरचा पातळ थर. ६०/४० च्या तारेत ६० टक्के कथीलच असतं, बाकी शिसं. आणि काळी बिट साफ करायला नवसागराची वडी मिळते, म्हणजे मालमसालासुद्धा तोच!

खटपट्या:
हे आवडलं. फक्त हेतू वेगळा ना? भांड्याला कल्हई करायची ती ताक, आमटी कळकू नये म्हणून, आणि बिटला करायची कारण काळ्या बिटवर सोल्डर धरत नाही, नुसता गोळी होऊन घरंगळतो.

जुनं_पितळ:
हेतू वेगळा असेना, क्रिया तर एकच आहे. आणि पितळी भांड्याला शिशाची तार लावू नका कुणी, तिथे शुद्ध कथीलच पाहिजे. ते २३२ अंशाला वितळतं, ६३ टक्के कथील असलेली ६३/३७ ची तार १८३ लाच. आणि 'धरत नाही' हेसुद्धा तुमच्याच यादीतलं आहे, कल्हई धरते, रंग धरतो, सोल्डर धरतो.

बिनपगारी:
वायफाय पण धरतं की. आमच्या गच्चीवरचा बोर्ड खालच्या राऊटरचं वायफाय धरत नाही म्हणून अँटेना हलवत बसलोय. कल्हई मंजूर, डाकेला माझा विरोध कायम. एक विचारायचं राहिलं, तुम्ही एलईडी तो म्हणता का ती? मी दिवा म्हणून तो म्हणतो, बायको लाईट म्हणून ती म्हणते आणि मुलगी सरळ ते म्हणते.