मदत हवी आहे: खेड्यातल्या हायस्कूलमध्ये वेल्डिंगचा वर्ग कसा आणायचा? (अमेरिका)

नमस्कार मंडळी,

आम्ही अमेरिकेत मक्याच्या पट्ट्यात अगदी आडगावी राहतो. हायस्कूलमध्ये चारही इयत्ता मिळून शंभरेक मुलं. लेक दहावीत आहे, तिला वेल्डिंग शिकायचंय. (आजीला अजून सांगितलेलं नाही.) शाळेत वर्कशॉप आहे, पण जुने मास्तर निवृत्त झाल्यापासून त्याला कुलूप. टेक सेंटर (आसपासच्या शाळांतल्या मुलांना असे व्यवसाय शिकवणारं केंद्र) चाळीस मैलांवर. बस सव्वाअकराला निघते, मुलं डबा बसमध्येच खातात, परत येईतो शेवटचा तास सुरू झालेला असतो. त्यात केमिस्ट्री बुडते, कारण ती दिवसातून एकदाच असते. आठ मुलं जायची, आता तीन उरली.

शाळेच्या समितीवर पालक म्हणून आहे, तेव्हा पर्किन्स कायदा (व्यवसाय शिक्षणाला केंद्र सरकारचा निधी देणारा, २०१८ची आवृत्ती) वाचायला घेतला. निधीची वाटणी ३० टक्के ५ ते १७ वयाच्या मुलांच्या संख्येवर आणि ७० टक्के त्यातल्या गरीब मुलांच्या संख्येवर. मुळात मुलंच कमी, तर पैसा येणार कुठून? वाटा १५,००० डॉलरच्या खाली गेला की शेजारच्या शाळांबरोबर गट करा म्हणतात. विरळ वस्तीला सूट मागता येते, पण त्या चिमूटभर पैशात एखादं मशीन आणि थोडे रॉड येतील, बस्स. गट केला तर मोठी शाळा सगळं गिळेल, ही समितीची भीती.

आणि शिक्षक? वेल्डरला कारखान्यात शाळेपेक्षा बरा पगार मिळतो. तो इथे कशाला येईल? कुणी हे जमवलंय का?

प्रतिसाद:
ताई, गटाला घाबरू नका. गटाचा पैसा सगळ्या सभासदांच्या फायद्याच्या कामालाच वापरायचा, एकट्या शाळेसाठी वळवायचा नाही, असं कायद्यातच आहे. आमच्याकडे चार शाळांनी मिळून ट्रेलर घेतला, आत वेल्डिंगचे बूथ. नऊ-नऊ आठवडे एकेका शाळेत. शिक्षक एकच, तोही ट्रेलरबरोबर फिरतो, त्यामुळे पगार चौघांत वाटला जातो. शिवाय स्थानिक निधीतला १५ टक्क्यांपर्यंतचा भाग राज्याला बाजूला काढून ग्रामीण भागाला देता येतो, राज्याच्या ऑफिसात विचारा. दर दोन वर्षांनी गरजांची पाहणी होते, तेव्हा पालकांशीही बोलावं लागतं. ते बसचं वेळापत्रक तिथे लेखी द्या.

एकच सांगतो, आधी वीज बघा. आमच्या शाळेत थ्री-फेज नव्हतं. ट्रेलर पंधरा दिवस पार्किंगमध्ये नुसता शोभेला उभा!

धागाकर्ती:
विजेचं डोक्यातच आलं नव्हतं! खूप आभार. सोमवारी वर्कशॉपचं कुलूप उघडायला लावते आणि पॅनलचा फोटो इथे टाकते. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तुम्हीच सांगा.