‘पास आउट’ला अडाणी म्हणण्याआधी

ताशीव कातळ: परवा इथे एकाने ठोकून दिलं, की रेझ्युमेत ‘आय पास्ड आउट इन २०१९’ लिहिणारे ‘मी बेशुद्ध पडलो’ असं लिहितात, आणि हा प्रयोग आपल्याच अडाणीपणातून आलाय. अडाणीपणाचा आरोप साफ खोटा आहे. प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडणं या अर्थी ‘पास आउट’ ब्रिटिश लष्करात रुळलेला आहे, ब्रिटिश शब्दकोशांत आजही आहे. खडकवासल्याला एनडीएच्या खेत्रपाल मैदानावर होते ती पासिंग आउट परेडच. तिला कुणी हसत नाही. मग कॉलेजच्या पोरांनाच का हसायचं?

व्याकरणवेडी: कारण परेडचा अर्थ कॉलेजला लावला तो आपणच. लंडनमध्येही विद्यापीठातून कुणी ‘पास आउट’ होत नाही, ‘ग्रॅज्युएट’ होतो. आणि खरी गोची ‘फ्रॉम’मध्ये आहे. बेशुद्धीच्या अर्थाने वापरताना ‘फ्रॉम’नंतर कारण येतं: ‘पास्ड आउट फ्रॉम द हीट’, उन्हाने भोवळ आली. त्याच साच्यात ‘पास्ड आउट फ्रॉम कॉलेज’ बसवा. अमेरिकन वाचणारा दचकणारच. त्याच्याकडे तिसरा अर्थही आहे, वाटप करणे. तिथे कर्म मध्ये घालता येतं आणि सर्वनाम असेल तर मध्येच घालावं लागतं: ‘पास देम आउट’. ‘पास आउट देम’ चूक.

वायडी ग्रस्त: व्याकरण ठीक, पण ‘२०२४ पासआउट’ हे नाम काढून टाकलं तर भरतीच्या जाहिराती लिहिणार कशा? ‘२०२० बॅच’ म्हणून भागत नाही. इंजिनिअरिंगला २०२० ला फर्स्ट इयरला आलेला आणि डिप्लोमा करून २०२१ ला थेट सेकंड इयरला आलेला, दोघे २०२४ लाच सुटतात. त्यांच्यातल्या एकाला वायडी (इयर डाउन, म्हणजे विषय राहून वर्ष वाया) लागला की तो २०२५ ला. पासआउट म्हटलं की हे सगळं एका शब्दात आलं.

ताशीव कातळ: अगदी हेच! प्रवेशाचं साल विचारून कंपनीला काय कळणार?

व्याकरणवेडी: कळत तुमच्या शब्दानेही नाही. शेवटच्या सेमचा एक विषय राहिला, तो नोव्हेंबर-डिसेंबर २०२४ ला दिला, निकाल २०२५ ला लागला. गुणपत्रिकेवर परीक्षेचं साल एक, निकालाची तारीख दुसरी, पदवी प्रमाणपत्र तर दीक्षांत समारंभानंतर. यातलं पासआउटचं साल कुठलं? फॉर्मवर काहीतरी भरायचं आणि कागदपत्रं तपासताना अडकायचं, हेच चाललंय. जाहिरातीतच लिहा ना, ‘शेवटच्या गुणपत्रिकेवरील परीक्षेचं साल’.

वायडी ग्रस्त: ती चूक जाहिरात लिहिणाऱ्याची. शब्दाला का झोडपताय?

मायबोली आग्रही: मुळात मराठीत बोलताना ‘मी २०१९ ला पासआउट झाले’ कशाला? ‘पदवी घेतली’, ‘शिक्षण संपलं’ म्हणा. पासिंग आउट परेडला मराठी वर्तमानपत्रं कधीपासून ‘दीक्षांत संचलन’ छापतात. कुणाचं काही अडलं नाही.

वायडी ग्रस्त: ‘पदवी घेतली’त साल पुन्हा संदिग्ध! मघापासून तेच तर बोलतोय. धागा वाचून तरी या.

मायबोली आग्रही: वाचलाय. संदिग्ध असेल तर ‘मे २०१९ ला शेवटची परीक्षा पास झाले’ म्हणा. चार शब्द जास्त बोलल्याने जीभ झिजत नाही.

ताशीव कातळ: ‘फ्रॉम’चा मुद्दा व्याकरणवेडींचा बरोबर आहे, नाइलाजाने मान्य. परदेशी जाणाऱ्या रेझ्युमेत ‘ग्रॅज्युएटेड फ्रॉम’ लिहा, आणि महिना-साल शेवटच्या गुणपत्रिकेवरचं. देशातल्या देशात पासआउट चालणार. अडाणी म्हटलेलं मात्र मागे घ्या.

व्याकरणवेडी: अडाणी मी म्हटलं नव्हतं. चूक म्हटलं होतं, आणि विद्यापीठापुरतं अजूनही म्हणते.