फेजिंगसाठी (एक्स-रे डेटातून प्रोटीनचा मॅप काढायला लागणाऱ्या फेजेस मिळवायला) टँटलम क्लस्टर (जड अणूंचा गोळा) वापरलाय का कोणी?

कुर्ल्याला_अडकलेला:
मंडळी, एका मोठ्या प्रोटीन कॉम्प्लेक्सचे क्रिस्टल घेऊन सहा महिने बसलोय, युनिट सेल (क्रिस्टलमधला परत परत येणारा ठोकळा) राक्षसी आणि डिफ्रॅक्शन जेमतेम ६ अँगस्ट्रॉमपर्यंत (आकडा जितका छोटा तितका तपशील जास्त). मर्क्युरी झालं, प्लॅटिनम झालं, सिग्नलचा पत्ता नाही. सर म्हणाले क्लस्टर टाकून बघ, आणि मीटिंगला गेले ते गेलेच. एवढ्या भंगार डेटावर चालतं का ते?

हार्बरलाइन:
अरे भंगार डेटावरच चालतं. टँटलम ब्रोमाइड घे, ६ टँटलम आणि १२ ब्रोमीनचा गोळा. कमी रिझोल्यूशनला तो आख्खा गोळा एकाच अणूसारखा स्कॅटर करतो, साडेआठशे इलेक्ट्रॉन, मर्क्युरीत असतात ८०. तुझ्या एवढ्या मोठ्या प्रोटीनमध्ये एक मर्क्युरी म्हणजे विरार फास्टमध्ये एक माणूस जास्त चढला, कोणाला पत्ता लागणार? १९९५ चं थर्मोप्लाझ्मा या सूक्ष्मजीवाचं प्रोटिअसोम (प्रोटीन तोडणारं यंत्र) याच टँटलमवर सुटलं, आणि येल युनिव्हर्सिटीवाल्यांनी राइबोसोमच्या (प्रोटीन बनवणारं यंत्र) मोठ्या सबयुनिटचा ९ अँगस्ट्रॉमचा पहिला मॅप काढला त्यात १८ टंगस्टनवाला क्लस्टर होता.
सोक (क्रिस्टल क्लस्टरच्या द्रावणात भिजवणं) एक-दोन मिलिमोलरपासून सुरू कर. क्रिस्टल हिरवा झाला की समज आत गेलं, आणि आजूबाजूच्या थेंबापेक्षा क्रिस्टलच जास्त हिरवा दिसला तर पार्टी दे.

ट्रॉम्बेवाला:
+१. फक्त बीमस्टॉप (थेट येणारा बीम अडवणारा तुकडा) बघ!! सगळा सिग्नल लो अँगलला असतो आणि आपण नेमके तेच रिफ्लेक्शन बीमस्टॉपच्या सावलीत किंवा ओव्हरलोडमध्ये घालवतो, मी स्वतः एक आख्खी शिफ्ट अशी वाया घालवलीय आणि परतीच्या अवंतिकेत कोणाशी बोललो नाही. टँटलमची एल-थ्री एज (ज्या एनर्जीला तो एक्स-रे एकदम जास्त शोषतो) ९.८८ केइव्हीला, म्हणजे इंदूरला इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर आरामात होईल. तरी एनर्जी पुस्तकातून टाकू नकोस, क्रिस्टलवरच फ्लोरोसन्स स्कॅन घे.

पवईकर_ताई:
आधी आल्फाफोल्डचं (प्रोटीनचा आकार सांगणारं एआय) मॉडेल घेऊन मॉलिक्युलर रिप्लेसमेंट (तयार मॉडेल डेटात बसवून फेजेस काढणं) करून बघितलंस का? उगाच हिरवं पाणी कशाला?

कुर्ल्याला_अडकलेला:
ताई, केलं. सबयुनिट एकेकटे ठीक आहेत पण एकमेकांना कसे चिकटलेत तेच चुकतंय, सोल्युशन बसत नाही. @हार्बरलाइन, पुढे ३.५ अँगस्ट्रॉमपर्यंत डिफ्रॅक्ट करणारा क्रिस्टल मिळाला तर?

हार्बरलाइन:
तर एकट्या टँटलमवर भागणार नाही. साधारण ५ अँगस्ट्रॉमपेक्षा बारीक तपशिलाला गोळ्यातले अणू एकमेकांचं स्कॅटरिंग खातात, सिग्नल बसतो. तेव्हा सेलेनोमेथिओनिनवालं (मेथिओनिनमध्ये गंधकाऐवजी सेलेनियम) प्रोटीन बनव आणि टँटलमच्या फेजेस घेऊन डिफरन्स मॅपमध्ये सेलेनियम शोध. शंभर साइट्स शून्यातून शोधायच्या म्हणजे वेड लागतं, तिथे या ढोबळ फेजेस कामाला येतात.

कुर्ल्याला_अडकलेला:
भारी. ऑर्डर टाकतो. परचेसमधून सुटेपर्यंत क्रिस्टल जगले पाहिजेत फक्त.