घरी बांधलेला फेंडर चँप (५एफ१) गिटार अँप : आवाज झकास, पण हम जात नाही

तारवाला_पुणे
आठ महिने खपून ५एफ१ सर्किट बांधलं. १९५०च्या दशकातलं, तीनच व्हॉल्व्हचं (काचेच्या नळ्यांचं): सिग्नल वाढवणारा १२एएक्स७, स्पीकर चालवणारा ६व्ही६ आणि एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर ५वाय३. पॉवर आणि आउटपुट, दोन्ही ट्रान्सफॉर्मर बुधवार पेठेत वाइंड करून घेतले. परवा पहिल्यांदा गिटार लावली, ई मेजर छेडला आणि अंगावर काटा आला. हाच आवाज मी कॉलेजपासून शोधत होतो.

पण हात थांबला की हम, म्हणजे सततची घुरघुर. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी तेवढाच. व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरच्या वायरी पिळल्यात, दोन १०० ओहम लावून ग्राउंडही केल्यात. रेक्टिफायरनंतरचा डीसी सपाट करणारे फिल्टर कपॅसिटर कोरे आहेत. शिवाय खालचे सूर गुदमरल्यासारखे येतात. कुठून सुरुवात करू?

जुना_व्हॉल्व्ह
कानापासून करा. जाड ई तारेवर तिसरी फ्रेट दाबा, तो जी ९८ हर्ट्झचा. हम त्याला जुळला तर १०० हर्ट्झ, म्हणजे रेक्टिफायरकडचा. सप्तकभर खाली असला तर ५०, बहुधा हीटरचा. मग अँप बंद करून १२एएक्स७ काढा आणि परत चालू करून ऐका.

आत हात घालण्याआधी कपॅसिटर रिकामे करा आणि मीटरवर शून्य बघा. बंद केल्यावरही तीनशेच्या वर व्होल्ट साठून राहतात. यात घाई नको.

तारवाला_पुणे
जीला तंतोतंत जुळतो! आणि १२एएक्स७ काढला की सगळं शांत.

जुना_व्हॉल्व्ह
मग ग्राउंडची वाट चुकली आहे. पहिल्या कपॅसिटरचं निगेटिव्ह प्रीअँपच्याच (१२एएक्स७च्या भागाच्या) ग्राउंड तारेवर असणार. तो भरताना सेकंदाला १०० झटके त्या तारेतून जातात आणि १२एएक्स७ ते वाढवतो. ते निगेटिव्ह थेट पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या एचटी (जास्त व्होल्टच्या) वाइंडिंगच्या मधल्या टोकाला, सेंटर टॅपला जोडा, तिथून चॅसिसला. प्रीअँपचं ग्राउंड वेगळं, इनपुट जॅकपाशी.

सोल्डरवाली
दादा, आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याच्या लोखंडी पट्ट्या एकाआड एक उलटसुलट भरल्यात का? एकाच ६व्ही६चा सुमारे ४५ मिलीअँपियर डीसी त्यातून सतत वाहतो. ई आणि आय आकाराच्या पट्ट्यांमध्ये कागदाची गॅप नसेल तर गाभा सॅच्युरेट होतो, म्हणजे त्याची चुंबकीय क्षमता संपते. आधी बास जातो.

तारवाला_पुणे
काका, काल रात्री दोन वायरी हलवल्या. आता स्पीकरला कान टेकवला तरच हम ऐकू येतो. ताई, पट्ट्या उलटसुलटच निघाल्या. गॅपचं वाइंडरना सांगायचं माझ्याकडूनच राहिलं होतं. सोमवारी पुन्हा भरून घेतो आणि बासचं काय झालं ते इथे लिहितो.