हेडविग बोलहागेनचा कारखाना नक्की कुणाचा?

मातीगोळा: मंडळी, पॉटरीच्या क्लासला लागल्यापासून जर्मनीतल्या पॉटरीवाल्या हेडविग बोलहागेनचं नाव सारखं कानावर येतंय, ते निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे कप वगैरे. निम्मे लोक तिला डोक्यावर घेतात आणि निम्मे म्हणतात कारखाना मुळात एका ज्यू बाईचा, तो हिने लाटला. काय भानगड आहे?

बर्लिनचाभाऊ: लाटला म्हणणं जरा ढोबळ आहे, पण अगदी हवेतलंही नाही. बर्लिनजवळ मार्विट्झला मार्गारेट हेमान, बाउहाउस या जर्मनीतल्या नावाजलेल्या कला-डिझाइनच्या शाळेत शिकलेली ज्यू बाई, तिने नवरा आणि दिराबरोबर १९२३ ला हाएल नावाचा कारखाना काढला. १९२८ ला नवरा आणि दीर दोघंही गाडीच्या अपघातात गेले, पदरात लहान पोरं, तरी बाईने धंदा रेटला. मग नाझी आले, १९३३ ला काम बंद आणि १९३४ ला सगळं पडेल भावात विकावं लागलं. घेतलं हाइनरिश शिल्टने. हा गडी तिथल्या कारागिरांच्या राष्ट्रीय संघटनेचा सरचिटणीस, म्हणजे सत्तेच्या वर्तुळातलाच. डिझाइन आणि काम बघायला त्याने २६ वर्षांच्या बोलहागेनला आणलं.

चाकावरची: भाऊ, पण बाई कामाला वाघ होती ते पण लिहा की! विशीत मार्विट्झजवळच्या वेल्टनच्या फॅक्टरीत रंगकामाच्या विभागाची प्रमुख होती. शिल्ट युद्धानंतर पश्चिमेला निघून गेला, ही पूर्व जर्मनीतच राहिली, १९७२ ला सरकारने कारखाना ताब्यात घेतला तरी डिझाइन हिच्याच हातात, आणि १९९२ ला तो परत खाजगी झाला तेव्हा वय ८४! २००१ ला गेली. तिला कुणी कलाकार म्हटलं तर म्हणायची, मी ताटल्या, कप आणि किटल्या बनवते. मला हे जाम आवडतं.

मातीगोळा: भारी! आणि हेमानचं पुढे काय झालं?

बर्लिनचाभाऊ: १९३६ ला इंग्लंडला गेली, स्टोक-ऑन-ट्रेंटला परत पॉटरी सुरू केली, पण पहिल्यासारखा जम काही बसला नाही. १९९० ला लंडनमध्ये वारली. @चाकावरची, कामाबद्दल वादच नाही, पण हेमानचे काही आकार मार्विट्झमध्ये नंतरही निघत राहिले, वर नक्षी बोलहागेनची आणि बुडाला शिक्का एचबी, म्हणजे हेडविग बोलहागेन. लोक चिडतात ते या शिक्क्यावरून.

चाकावरची: हे माहीत नव्हतं. वेल्टनला तिचं म्युझियम आहे, तिथे हेमानबद्दल काय लिहिलंय ते आता बघायला पाहिजे.